इशापूरच्या रायफलीला सव्वासातशे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. माझे वडील राज्य राखीव पोलीस दलात होते. खांद्याला थ्री नॉट थ्री लावलेला त्यांचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. गेल्या महिन्यात इथल्या गन शोमध्ये एका टेबलावर अगदी तशी रायफल दिसली आणि पाय तिथेच थांबले. विक्रेता म्हणाला, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश एनफील्ड आहे. पण तिच्यावर ‘आर.एफ.आय.’, ‘१९६७’ आणि ‘७.६२ एमएम २ए१’ असं कोरलेलं आहे. बोल्टवरचा (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागावरचा) आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे. काळा रंग एकदम चकचकीत, नळी आतून मात्र काळसर वाटली. संगीन, कापडी पट्टा आणि ‘ओएफव्ही’ शिक्क्याची साठ काडतुसं धरून तो ७२५ डॉलर सांगतो. पुढच्या शोला तो परत येणार आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. रायफल भिंतीवर टांगायची नाही, रेंजवर चालवायची आहे. भाव बरोबर आहे का?
— एक वाचक, डेटन, ओहायो

उत्तर : नाही. तुम्ही जे वर्णन केलंत त्यावरून सगळं सामान धरून पावणेपाचशेच्या वर जाऊ नका. नळी पुसल्यावर चांगली निघाली तर साडेपाचशेपर्यंत द्यायला हरकत नाही. आकडा आधीच सांगून टाकला, कारण पुढच्या शोला तुम्ही भावनेच्या भरात खिशात हात घालाल ही भीती तुमच्या पत्रातूनच वाटली. आता तो कसा काढला ते सविस्तर सांगतो.

आधी ही रायफल कोणती ते नीट समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धाशी हिचा संबंध नाही, ही ब्रिटिशही नाही आणि तुमच्या वडिलांच्या खांद्यावर होती ती थ्री नॉट थ्रीही नाही. ‘आर.एफ.आय.’ म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, पश्चिम बंगाल. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे हत्यारांची निकड होती आणि नाटोचं ७.६२ चं काडतूस आपण स्वीकारत होतो. तेव्हा इशापूरच्या लोकांनी हातात बसलेली जुनी ली-एनफील्डची, म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच, घडण कायम ठेवली आणि तिच्यात नवं काडतूस चालेल अशी नवी रायफल बनवली. वाढलेला दाब सोसायला वेगळं पोलाद वापरलं, कड नसलेल्या काडतुसासाठी एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) बदलला आणि मॅगझीन चौकोनी पेटीसारखं केलं. ‘२ए’ या पहिल्या मॉडेलची मागची साइट २००० यार्डांची होती. २ए१ मध्ये ती ८०० मीटरची झाली. तुमच्या रायफलीच्या साइटची पट्टी उघडून हा आकडा बघा. तो जुळला तर निदान मॉडेल खरं आहे.

अमेरिकेतल्या टेबलांवर या रायफलीबद्दल दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. एक तुमच्या विक्रेत्याची, महायुद्धाची. दुसरी अशी की भारतीयांनी जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून हे जुगाड केलं आणि ती फुटते. दोन्ही खोट्या आहेत. पहिलीने भाव फुगतो, दुसरीने चांगली रायफल कवडीमोलाने विकली जाते. इशापूरच्या कामगारांनी नव्याने घडवलेली ही रायफल आहे. तिला तिच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या भावाने घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

हीच रायफल पुढून कापून, टोकाला फनेलसारखा फ्लॅश हायडर (ज्वाळा झाकणारं नळकांडं) लावून ‘जंगल कार्बाइन’ म्हणूनही विकली जाते. खरी जंगल कार्बाइन म्हणजे ब्रिटिश नंबर ५. ती .३०३ ची आणि १९४४ ते १९४७ मधली. ७.६२ ची जंगल कार्बाइन कुठल्याही सैन्याने वापरली नाही, ती इथल्या आयातदारांनी केलेली आहे. चालवायला मजेची असेल, पण लष्करी वस्तू म्हणून तिला एक डॉलरही जास्त देऊ नका.

आता भाव. टेबलावरच्या चिठ्ठीवर विक्रेत्याची इच्छा लिहिलेली असते. खरा भाव म्हणजे कोणीतरी मोजलेले पैसे. गनब्रोकर या लिलावाच्या संकेतस्थळावर खातं उघडा, संपलेले लिलाव निवडा आणि बोली लागून विकल्या गेलेल्या २ए१ तेवढ्या बघा. ज्यांवर एकही बोली लागली नाही त्या सोडून द्या, त्यांचे आकडे डोक्यात राहिले तर दिशाभूल करतात. सात-आठ व्यवहारांचे फोटो शेजारी ठेवून बघितले की कोणत्या अवस्थेला काय मिळालं ते दिसायला लागतं. त्या किमतीवर पोस्टेज, कर आणि स्थानिक डीलरची हस्तांतराची फी चढते. शोमध्ये समोरासमोर घेताना यातला काही खर्च वाचतो, म्हणून लिलावापेक्षा थोडं जास्त मोजणं न्याय्य आहे. थोडं म्हणजे पंचवीस-पन्नास, अडीचशे नाही.

यानंतरचं सगळं तुमच्या डोळ्यांवर आणि बोटांवर आहे. तो चकचकीत काळा रंग पाहून मला शिंगं रंगवून बाजारात आणलेला बैल आठवला. शेतकरी शिंगांकडे बघत नाही, तोंड उघडून दात बघतो. या रायफलींना इशापूरलाच काळा रंग दिलेला असायचा, त्यामुळे रंग असणं हा दोष नाही. पण तुमच्या रायफलीचा रंग लाकडाच्या कडेवर ओघळलेला असेल, स्क्रूच्या खाचेत भरलेला असेल, तर तो इथे कोणीतरी अलीकडे मारलेला आहे. मग खाली काय आहे हे विचारायचं. नख आडवं फिरवा. रंगाखाली गंजाचे खड्डे असतील तर गुळगुळीत पृष्ठावर नख मध्येच अडखळतं. सगळ्यात जास्त गंज लाकूड आणि नळी जिथे भेटतात त्या रेषेच्या आत असतो, कारण पावसाचं पाणी आणि घाम तिथेच मुरतो. नळीवरचं वरचं लाकूड काढून दाखवायला सांगा. बहुतेक शोमध्ये बोल्टला प्लास्टिकची पट्टी आवळलेली असते, ती कापायला आणि लाकूड काढायला आधी परवानगी मागा. खरा विक्रेता हो म्हणतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

मग खालचं पुढचं लाकूड. गोळी सुटली की रायफलीचा सगळा धक्का ट्रिगरच्या पुढे, आतल्या बाजूला लाकडाच्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. ते चेपले किंवा तडकले की नेम फिरत राहतो आणि माणूस साइटला दोष देत बसतो. इशापूरने तिथे लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू घातलेला आहे, तो बाहेरूनही दिसतो. म्हणजे ही जागा नाजूक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्क्रूच्या मागेपुढे तंतूंच्या दिशेने केसासारखी चीर आहे का ते टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. लाकडात ठिगळ बसवलेलं दिसलं तर घाबरू नका, लष्करी दुरुस्ती असते ती आणि नीट बसवलेलं ठिगळ चांगलं काम करतं. उघडी चीर मात्र शंभर डॉलरचा दोष समजा.

नळी. आतून काळसर दिसली असं तुम्ही लिहिलंत, पण तो गंज आहे की वाळलेलं ग्रीस हे न पुसता कळत नाही. सोबत दोरी, दोन-चार कापडाचे तुकडे आणि बारीक टॉर्च न्या. पुसल्यावर काळसरपणा राहिला, पण आतल्या पीळदार चरांच्या कडा धारदार असल्या तर ती नळी उत्तम मारा करू शकते. चकचकीत पण कडा गोल झालेली नळी त्यापेक्षा वाईट. तोंडाकडचा शेवटचा इंचभर भाग विशेष बघा. या रायफली दोरीने ओढून साफ करत असत आणि वर्षानुवर्षं तीच धूळभरली दोरी एका बाजूला घासून तोंड अंडाकृती होतं. त्यासाठी मी दारू आणि प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) नसलेलं, बाजूने भोक पाडलेलं एक डमी काडतूस जवळ ठेवतो. त्याचं टोक नळीच्या तोंडात सोडायचं. गोळीचा बराचसा भाग बाहेर राहिला तर ठीक. काडतुसाची पितळी मान तोंडाला जवळजवळ टेकली तर नळी झिजलेली आहे. जिवंत काडतूस घेऊन हे कधीही, कुठेही करू नका.

नंबर जुळले याचं तुम्हाला समाधान वाटलं. त्यात चूक नाही, पण ली-एनफील्डच्या बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांनी बसवलेलं. नंबर बोल्टच्या दांड्यामागे असतो, डोक्यावर नसतो. तेव्हा दांडा मूळचा आणि डोकं दुसऱ्या रायफलीचं, असं सहज होऊ शकतं. काडतूस मागे किती सैल बसतं हे त्या डोक्यावर ठरतं. पिंपरीच्या टूलरूममध्ये गेज हाताळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून या एका बाबतीत मी फार काटेकोर आहे. हा सैलपणा मोजायला गनस्मिथकडे .३०८ चे (७.६२ च्या नागरी रूपाचे) हेडस्पेस गेज असतात. फील्ड गेज १.६३८ इंचांचा असतो. एक्स्ट्रॅक्टर काढून, बोटाच्या हलक्या दाबाने बोल्ट त्या गेजवर बंद होत असेल तर ती रायफल चालवायची नाही. व्यवहार करण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट सांगा, गेजवर नापास झाली तर परत घ्यावी लागेल, आणि ते पावतीवर लिहून घ्या. रायफलीवर किंवा लाकडावर ‘डीपी’ असा शिक्का दिसला तर गेजचीही गरज नाही. ती कवायतीसाठी राखलेली रायफल आहे, चालवण्यासाठी नाही.

मॅगझीन मूळचं आहे ना, ते खात्रीने बघा. थ्री नॉट थ्रीचं तिरकं मॅगझीन याला चालत नाही आणि सुटं मिळवायला गेलात तर मिळता मिळत नाही.

आता माझा हिशेब. चांगली नळी, मूळ मॅगझीन, न तडकलेलं लाकूड अशी २ए१ मी ४७५ ची धरतो. नळीची खात्री होत नाही तोवर ७५ वजा, राहिले ४००. संगिनीचे ६०, पट्ट्याचे १५. झाले पावणेपाचशे. रंगाखाली खड्डे किंवा लाकडाला चीर निघाली तर सगळं मिळून पावणेचारशे, त्याहून जास्त नको. आयातदाराचा बारीक शिक्का तुम्हाला सापडला नाही असं असेल तर तो तोंडाजवळ नळीच्या खालच्या बाजूला, रंगाखाली असू शकतो. या मॉडेलमध्ये त्याने भावात फारसा फरक पडत नाही, कारण इथल्या बहुतेक २ए१ वर तो असतोच.

काडतुसांचे मी शून्य धरले. ‘ओएफव्ही’ म्हणजे आपल्या भुसावळजवळची वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. जळगाव जिल्ह्यात बनलेलं काडतूस ओहायोच्या टेबलावर दिसलं की माझाही जीव हरखतो. पण इतकी वर्षं ती कुठल्या गोदामात, किती उन्हात पडून होती कोणालाच माहीत नाही. दोन-चार आठवण म्हणून ठेवा, चालवू नका. जुन्या .३०३ काडतुसांवर ‘केएफ’ दिसतं, ती खडकीची. तिथेही माझा सल्ला हाच. रेंजसाठी नवं, नाटो दाबाचं ७.६२ घ्या. शिकारीची जोरदार .३०८ काडतुसं मी या रायफलीत घालत नाही.

शोला रविवारी दुपारनंतर जा. सामान परत गाडीत भरायचं असतं तेव्हा विक्रेता ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. रोख न्या, दोष एकेक करून शांतपणे दाखवा, महायुद्धाचा विषय काढून त्याला चारचौघांत खोटं पाडू नका. आणि जमलं तर त्याआधी एकदा एरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला जाऊन या, तुमच्याच राज्यात आहे. तिथल्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमच्या दुकानात गरँड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफली दर्जा लावून, ठरलेल्या किमतीला विकायला असतात. सर्व्हिस दर्जा आणि फील्ड दर्जा शेजारी शेजारी हातात घेऊन बघितलात की अवस्थेचा डोळा तयार होतो. तो पुढे कोणत्याही रायफलीला उपयोगी पडतो.

शेवटचं एक. वडिलांच्या फोटोतली रायफल हवी असेल तर इशापूरचीच .३०३, नंबर १ मार्क ३, शोधा. तिच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरत असत. विक्रेते तिला दुर्मीळ म्हणून चढा भाव लावतात, पण तिने फार धक्के खाल्लेले असतात.

प्रश्न : यजमानांच्या पन्नाशीला मोसिन-नागां ही जुनी रशियन लष्करी रायफल द्यायचा विचार आहे. १९४३ ची, इझेव्स्कची ९१/३०. दुकानदार ५५० मागतो, कारण ‘सगळे नंबर जुळतात’.
— एक वाचक, रॅली, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : ताई, नंबर जुळण्याचे जास्तीचे पैसे इथे देऊ नका. युद्धानंतर सोव्हिएत डेपोंमध्ये या रायफली उघडून, दुरुस्त करून, नव्याने लाल-तपकिरी लाखेचा लेप देऊन ठेवल्या गेल्या. त्या वेळी बोल्ट, मॅगझीनचं झाकण आणि दस्त्याची पट्टी यांवर नवे नंबर ठोकले किंवा कोरले. नळीवरच्या आकड्यांची घडण आणि बाकीच्या आकड्यांची घडण भिंगातून बघा. वेगळी असली, किंवा जुना नंबर रेघ मारून खोडलेला दिसला, तर जुळणी डेपोतली आहे. तिरकी रेघ असलेला छोटा चौकोन हाही डेपोचाच शिक्का.

सर्वसाधारण डेपोतून आलेली ९१/३० मी साडेतीनशे ते चारशेची समजतो. शंभर डॉलरच्या आत पेट्याच्या पेट्या मिळायच्या तो काळ गेला, आवक थांबली. त्यामुळे जुन्या भावाची आठवण काढून घासाघीस करण्यात अर्थ नाही. पाचशेच्या वर तेव्हाच जा जेव्हा रिसीव्हर (बोल्ट बसतो तो मधला भाग) अष्टकोनी असेल, किंवा चौकटीतलं ‘एसए’ म्हणजे फिनलंडच्या सैन्याचा शिक्का असेल. दुर्बीण लावलेली दाखवली तर आणखी सावध व्हा, बऱ्याच दुर्बिणी हल्ली बसवलेल्या असतात.

१९४३ च्या रिसीव्हरवर कापण्याच्या हत्याराचे ओरखडे दिसतील. तो दोष नाही. शत्रू दारात असताना कामगारांनी पॉलिशचा वेळ वाचवला, जिथे मापाची गरज होती तिथे माप पाळलं. मला ते ओरखडे फार आवडतात. नळीच्या तोंडातून बघताना चर थोडे आतून सुरू होत असतील तर झिजलेलं तोंड आतून मोठं केलेलं आहे. मारा बहुधा ठीक राहतो, पण त्याचे पन्नास कमी करा. जुनी सोव्हिएत काडतुसं चालवलीत तर त्याच संध्याकाळी नळीतून गरम पाणी, मग तेल. त्यांच्या प्रायमरमधल्या क्षारांनी नळी एका रात्रीत गंजते.

प्रश्न : मी एच-१बीवर आहे. मित्राकडून, डीलर न घालता, जुनी रायफल घेतली तर चालेल ना?
— एक वाचक, डॅलस, टेक्सस

उत्तर : नाही चालणार. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला रायफलच काय, काडतूसही जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. डीलर मध्ये नसल्याने ही मनाई सुटत नाही. गुन्हा गंभीर आहे आणि पुढच्या ग्रीन कार्डावर त्याची सावली पडते. परवाना काढायचाच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि परवान्याची मुदत संपण्याची तारीख पाठ ठेवा. माझ्या मते ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबावं. तोवर संपलेले लिलाव बघत राहा, त्याला कुठलाही व्हिसा आड येत नाही.

प्रश्न : आजोबांच्या मागे त्यांची .३१५ रायफल घरात आहे. किंमत काय येईल? आणि सैन्याने काढून टाकलेली थ्री नॉट थ्री आपल्याकडे विकत मिळते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थ्री नॉट थ्री मिळत नाही. तो बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. .३१५ चं काडतूस आपल्याकडे नागरिकांसाठी चाललं ते यामुळेच, आणि ती रायफलही इशापूरलाच बनते.

किमतीचा विचार नंतर करा. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. रायफल आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि नंबर घातलेली पावती घ्या. मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा की विकायची हे घरात बसून ठरवा. विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे गिऱ्हाईक मोजकं आणि भाव त्याच्या हातात असतो. नव्या .३१५ ची फॅक्टरीची किंमत विक्रेत्याकडून विचारून घ्या आणि नळी उत्तम असेल तरी तिच्या निम्म्यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नका. जमा करण्याआधी नळीतून तेलाचा बोळा फिरवा, कारण तिथल्या कपाटात ती किती महिने पडून राहील सांगता येत नाही.